घड्याळांच्या भिंतीसमोर दहा मिनिटं

दहा मिनिटांचा माहितीपट करायचा ठरल्यावर पहिले तीन आठवडे मी कॅमेऱ्यांचे रिव्ह्यू वाचण्यात घालवले. विषय एका ओळीचा होता: घड्याळं दुरुस्त करणारे काका. एडिटिंग करणाऱ्या मैत्रिणीने तो ऐकून विचारलं, "ही झाली व्यक्ती. विषय काय?" मी गप्प.

मग कॅमेरा घरी ठेवून काकांच्या दुकानात जाऊन बसायला लागलो. पहिल्याच भेटीत घोळ घातला. उत्साहाच्या भरात सगळे प्रश्न विचारून टाकले आणि काकाही भरभरून बोलले. पुढे कॅमेरा लावून चाचणी घेतली तेव्हा तोच प्रश्न आल्यावर म्हणाले, "अरे, सांगितलं ना तुला मागे!" संपला विषय. आता रेकीला, म्हणजे शूटिंगआधीच्या पाहणीला, गेलो की माणूस कशावर खुलतो तेवढं टिपून घेतो आणि रंगात यायला लागला की मुद्दाम दुसरंच काही काढतो. जरा दुष्टपणाच आहे, पण इलाज नाही.

खरी अडचण मात्र त्या चाचणीचा आवाज ऐकताना लक्षात आली. जुन्या चावीच्या मनगटी घड्याळाचे ठोके बहुधा तासाला 18,000, म्हणजे सेकंदाला 5. भिंतीवरचे लंबक त्याहून संथ, प्रत्येकाची चाल वेगळी. बोलण्यातली दोन वाक्यं कापून जोडली की मागचा ठोका अडखळतो आणि कानाला लगेच कळतं. वर काटे आहेतच चुगली करायला: एका वाक्याला पावणेबारा, पुढच्या वाक्याला सव्वाअकरा!

"काका, मुलाखतीपुरते लंबक थांबवू या का?" मी भीत भीत विचारलं.

"बंद घड्याळं मागे टांगून बसू? लोक काय म्हणतील मला?"

त्या रात्री वहीतली ओळ खोडून नवीन लिहिली: भिंतीवरचं एकही घड्याळ बंद पडू न देणारा माणूस. मैत्रिणीला पाठवली. या वेळी तिने प्रश्न विचारला नाही.

त्यावरून बाकीचं भराभर ठरलं. मुलाखत त्यांच्या घरी, दुकानात फक्त काम आणि आवाज. प्रत्येक घड्याळाचा ठोका वेगळा रेकॉर्ड करायचा, दोन्ही जागांचा रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसतानाचा तिथला आवाज, अर्धा-अर्धा मिनिट. रेडिओ बंद, कारण मागे वाजणाऱ्या गाण्याची आणि त्याच्या ध्वनिमुद्रणाची अशा दोन वेगवेगळ्या परवानग्या लागतात. काकांचं संमतीपत्र आधीच सही करून घेतलं; गिऱ्हाइकांचे फक्त हात दिसणार. चाळीस शॉट्सची यादी चौदावर आली.

वेळापत्रक काकांना दाखवलं. 'बॅलन्स व्हील (घड्याळाची चाल राखणारं चाक) काढून बसवणे, 20 मिनिटं' या ओळीवर त्यांनी चिमट्याचं टोक टेकवलं. "काढायला वीस. बसवायला किती ते घड्याळ ठरवेल."

एका दिवसाचं शूटिंग दोन दिवसांचं केलंय.