पुढच्या रांगेतली चुळबुळ
आज उपासनेत पाळकसाहेबांनी बायबलमधला संदेष्टा आमोस घेतला. एरवी आपल्याकडे संदेष्टे म्हणजे यशयाचा ५३ वा अध्याय, तोही गुड फ्रायडेला. हा तर तकोवा गावचा मेंढपाळ, उंबरांची निगा राखणारा. इस्राएलचा राजा दुसरा यराबाम याच्या भरभराटीत थेट बेथेलच्या राजमंदिरात जाऊन व्यापाऱ्यांचं माप काढतो: शब्बाथ (विसाव्याचा पवित्र दिवस) कधी संपतो नि धान्य कधी विकतो असं झालंय यांना! एफा (धान्याचं माप) लहान, शेकेल (पैसे तोलायचं वजन) मोठा, वर गव्हाचं भूसही विकायचं. येशूने मंदिरात सराफांचे चौरंग पालथे केले, ते याच परंपरेतलं, असं मला वाटतं. पुढची रांग जरा चुळबुळली (मीही तिथेच). मग देवाला तुमच्या गीतांचा गोंगाट नको, हे वचन झालं. लगेच आम्ही गीताला उभे राहिलो. सगळी कडवी म्हटली.