चांदसैली घाटाने ओझं नेऊ नका

आधी सांगून टाकतो. दवाखान्याचं सामान घेऊन नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावला निघाला असाल तर तळोदा, कोठार, चांदसैली घाट हा रस्ता धरू नका. अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढा आणि मोलगीवरून जा. लांब पडतं, पडू द्या. पावसाळ्यानंतर चांदसैली घाट नीट झालाय असं आम्हाला चार जणांनी सांगितलं होतं. त्यांच्यापैकी एकही जण पावसाळ्यानंतर त्या घाटातून गेलेला नव्हता, हे आम्हाला परत आल्यावर कळलं.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आमच्या भागातल्या काही मंडळींनी वर्गणी काढून सामान घेतलं होतं. सगळं कोरं, तिथल्याच दुकानातून घेतलेलं. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे दोन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, घशातला कफ ओढून काढायचं एक सक्शन मशीन, गर्भातल्या बाळाचे ठोके ऐकायचे सहा डॉप्लर, दहा पल्स ऑक्सिमीटर, दहा डिजिटल बीपी मशीन, सहा वजनकाटे आणि साखर तपासायची चार मीटर. ते चोपड्याहून सातपुड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि त्याच्या उपकेंद्रात पोचवायचं, एवढंच आमचं काम होतं. आम्ही पाच जण होतो. कोजागिरी होऊन आठवडा झाला होता.

चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा हा प्रवास सोपा. शहाद्यात शेवभाजी खाल्ली. त्याबद्दल आणखी काही लिहिण्यासारखं नाही.

तळोद्यात आमच्या गाडीच्या चालकाने घाट चढायला नकार दिला. त्याचं तेव्हाच ऐकायला हवं होतं. आम्ही तिथली एक पिकअप ठरवली, आरोग्य केंद्राच्या दारापर्यंत ४,५०० रुपये. "घाट मस्त शे भाऊ, दोन घंटामा धडगाव," असं पिकअपवाला म्हणाला. दुपारचे तीन वाजले होते. कोठार मागे पडलं आणि चढ लागला तसा रस्ता एका गाडीपुरता उरला. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला पावसात सुटलेली माती आणि दगड. समोरून जीप आली की दोघांपैकी एकाने वळणापर्यंत मागे जायचं. असं सात वेळा झालं. पाठीमागे खोकी एकमेकांवर आपटत होती, त्यातला प्रत्येक आवाज मला अजून ऐकू येतो.

मग एका वळणावर रस्त्याची दरीकडची कड खचलेली दिसली. पिकअपवाल्याने गाडी थांबवली आणि सांगितलं, भरल्या गाडीने इथून जाणार नाही, आणि पुढे यायचं असेल तर आणखी ३,००० लागतील. गाडी रिकामी करण्याबद्दल माझी तक्रार नाही, तो निर्णय बरोबर होता. पण रस्ता कसा आहे हे त्याला तळोद्यातच माहीत होतं. आम्हाला मागे वळता येणार नाही अशा जागी येऊन त्याने भाव सांगितला. ही लूटच आहे. दवाखान्याचं सामान आहे हे सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही. अंधार पडत होता, आम्ही पैसे दिले. खोकी खांद्यावर घेऊन खचलेल्या भागापलीकडे नेली, परत गाडीत चढवली. पोचायला रात्रीचे साडेनऊ वाजले.

यावर उपाय एकच. भाडं ठरवताना घाट कोणता, माल कुठे उतरवायचा आणि वाटेत माल उतरवून चढवायची वेळ आली तर किती, हे तिथेच कागदावर लिहून घ्या. अर्धे पैसे पोचल्यावर द्या. दुपारी बारानंतर तळोद्यातून किंवा अक्कलकुव्यातून निघूच नका.

घाटापेक्षा मोठा धक्का दुसऱ्या दिवशी सकाळी बसला. केंद्रातल्या सिस्टरांनी कॉन्सन्ट्रेटर खोक्यातून काढला. आमचा एक जण प्लग लावायला निघाला तसा त्यांनी त्याचा हात धरला आणि मागचं लेबल वाचलं. "भाऊ, हे ११५ व्होल्टचं आहे. आपल्याकडे २३० येते. लावलं असतं तर जळलं असतं." सक्शन मशीनही तसंच. पाठवणाऱ्यांनी "फक्त प्लग बदला" असं कळवलं होतं आणि आम्ही ते तपासलं नव्हतं.

ट्रान्सफॉर्मर लावला की झालं, असं पुष्कळांना वाटतं. आम्हालाही वाटलं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, वारंवारिता बदलत नाही. ही यंत्रं ६० हर्ट्झची, आपली वीज ५० हर्ट्झची. कॉम्प्रेसरची मोटर हळू फिरते, तापते, हवेचा दाब कमी पडतो आणि नळीतून येणाऱ्या हवेत ऑक्सिजन किती आहे याचा भरवसा राहत नाही. धाप लागलेल्या पेशंटला अशा यंत्रावर ठेवता येत नाही. लेबलवर ५०/६० हर्ट्झ दोन्ही लिहिलेलं असेल तरच ट्रान्सफॉर्मरचा विचार करा.

शिवाय मिनिटाला पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट खातो. १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर तो कागदावर पाच तास चालतो, प्रत्यक्षात तीन चालला तरी खूप. वीज रात्रभर गेली तर काय, हे केंद्राला आधी विचारा.

बाकीच्या सामानाचंही सांगतो. बीपीचे पट्टे रुंद निघाले. इथल्या बारीक दंडाच्या बायकांना मोठा पट्टा लावला की आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो, म्हणजे गरोदर बाईचं वाढलेलं बीपी हातातून निसटू शकतं. वजनकाटे पौंडात. सुदैवाने खाली किलोचं बटण होतं. साखरेच्या मीटरच्या पट्ट्या त्या त्या कंपनीच्याच लागतात, त्या शहाद्यात मिळत नाहीत, धुळ्यातही मिळाल्या नाहीत. ती मीटर निरुपयोगी. डॉप्लर आणि ऑक्सिमीटर मात्र बॅटरीवरचे, ते लगेच वापरात आले.

कुणी हातात धरायचं सोनोग्राफी मशीन देऊ केलं तर घेऊ नका. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याखाली नोंदणी नसलेल्या जागी ते ठेवणं गुन्हा आहे. हेतू चांगला होता, हे तिथे चालत नाही. पाऱ्याची बीपी मशीनही नकोत, काच फुटली की पारा कुणी गोळा करायचा?

उपकेंद्राकडे जाताना शेवटचे दोन किलोमीटर गाडीरस्ता नाही. पाड्यावरच्या चार जणांनी बांबूच्या झोळीतून सामान वर नेलं. याच झोळीतून बाळंतिणींना खाली आणतात. त्यांनी सांगितलेली मजुरी आम्ही घासाघीस न करता दिली, तुम्हीही द्या. ज्याला पाठीवर ओझं घेऊन ही चढण जमत नाही त्याने येऊ नये, पैसे पाठवावेत. पावरी बोलणारा एक जण बरोबर असू द्या, नाहीतर आशाताईंना आधी निरोप द्या.

कागदपत्रांचं विसरू नका. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचं स्वीकारपत्र आधी घ्या आणि सामान डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे केंद्रातल्या कायमच्या वस्तूंच्या नोंदवहीत, चढवल्याशिवाय निघू नका. नोंद नसलेलं यंत्र बिघडलं तर दुरुस्तीचा खर्च दाखवता येत नाही आणि ते कोपऱ्यात जातं. तसे कोपरे आम्ही पाहिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली अशा देणग्यांसाठी मार्गदर्शिका काढली. तिचाही आग्रह हाच की काय लागतं ते घेणाऱ्याला आधी विचारा. आम्ही सिस्टरांना सामान पोचल्यावर विचारलं.

एक दिवस तोरणमाळला गेलो. तलाव सुंदर आहे. परतताना देवगोईने उतरलो, एकदाही खाली उतरावं लागलं नाही.

दोन्ही कॉन्सन्ट्रेटर आणि सक्शन मशीन परत चोपड्यात आणलीत. तिकडच्या मंडळींना स्पष्ट लिहिलं आहे, यंत्रं नकोत, पैसे पाठवा. इथे दुरुस्तीला माणूस येतो अशाच कंपनीची यंत्रं इथूनच घेऊ. सिस्टरांनी दिलेली यादी ही: बेबी वॉर्मरचे बल्ब, फ्यूज, २३० व्होल्टचं सक्शन मशीन, लहान मापाचे बीपी पट्टे, डॉप्लरची जेल, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचे किट. पुढची फेरी डिसेंबरात, मोलगीवरून. दोन जणांची जागा आहे.