तीन नंबरच्या रॉडमधलं चामडं

गाडी टेम्पोत घालून आली तेव्हा तिच्या मागच्या सीटवर कडब्याचं भुसकट होतं आणि बॉनेटखाली चिमण्यांचं घरटं. १९३० ची फोर्ड मॉडेल ए, उघड्या टपाची, उजव्या हाताचं स्टेअरिंग. करवीर तालुक्यातल्या एका गावात गोठ्याशेजारच्या खोलीत सत्तर वर्षं उभी. मालक म्हणजे एक काका, निवृत्त मास्तर, पंच्याहत्तरी ओलांडलेले, गाडी त्यांच्या आजोबांची. ते एवढंच म्हणाले, "इंजिन जाम झालंय असं घरात सगळे सांगत आलेत बाळ, तू खोलून तर बघ, मला एकदा ती चालू झालेली बघायचीय."

आमचं रीबोअरिंगचं वर्कशॉप शिवाजी उद्यमनगरात, वडिलांनी टाकलेलं. रोजचं काम म्हणजे ट्रॅक्टर, पिकअप, डिझेल पंप. कोल्हापुरात जुनी गाडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर दसरा चौकात येणारी महाराजांची मेबॅक येते, पण जिल्ह्यात अशा गोठ्यांतनं, वाड्यांतनं अजून बऱ्याच गाड्या पडून आहेत, आणि वर्षाकाठी त्यातली एखादी आमच्या दारात येते. ती आली की मला बाकीच्या कामात लक्ष लागत नाही, हे खरंय.

मॉडेल ए च्या इंजिनचं सांगायचं तर चार सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह, ३.३ लिटर आणि ताकद फक्त ४० हॉर्सपॉवर, तीपण २२०० आरपीएमला. आजच्या एखाद्या ताकदवान मोटरसायकललाही तेवढी असते. पण हे इंजिन कमी फिऱ्यांवर ओढतं, बैलासारखं. १९२७ ते १९३१ एवढ्या काळात फोर्डनं अशा ४८ लाखांवर गाड्या काढल्या. क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याला, मेन बेअरिंग फक्त तीन, आणि आजच्यासारखे डब्यातनं काढून बसवायचे शेल, म्हणजे अर्धगोल तयार पट्ट्या, यात नसतात. बेअरिंग म्हणजे थेट ब्लॉकमध्ये आणि पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडमध्ये ओतलेलं व्हाइट मेटल, कथलाचा मऊ मिश्रधातू. बिग एंडला, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाला, ऑइल प्रेशरनं येत नाही, प्रत्येक रॉडच्या कॅपला खाली एक चमच्यासारखा डिपर असतो, तो दर फेरीला इंजिनच्या तळाच्या ऑइल चेंबरच्या पन्हाळीतलं ऑइल उचलतो आणि कॅपच्या भोकातनं बेअरिंगला पाजतो. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्या भोकावरच आहे.

तर तो दिवस. सकाळी हेड काढलं, सिलिंडरमध्ये गंज होता पण पिस्टन चिकटलेले फक्त दोन, आठवडाभर डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल) मुरवत ठेवलेलं त्यामुळं लाकडी ठोकळा ठेवून दोन-चार हलके ठोके दिल्यावर सुटले. मग इंजिन उलटं केलं, चेंबर खोलला. तळाला डांबरासारखा काळा गाळ, आणि तो बोटावर घेऊन घासला तर त्यात चांदीसारखे कण. म्हणजे कुठलं तरी बेअरिंग गेलेलं. एक नंबरचा रॉड काढला, व्हाइट मेटल जागेवर. दोनचा काढला, तडे गेलेले पण जागेवर. तीन नंबरच्या कॅपच्या नटातली, नट सुटू नये म्हणून असते ती स्प्लिट पिन बघितली तर ती पिन नव्हतीच, साधी तार पिळून घातलेली. नट सोडले, कॅप हातात आली आणि आत व्हाइट मेटल नाही. आत काहीतरी काळं, जाड, गुळगुळीत. मला आधी वाटलं जळलेलं ऑइल साठून वडी झालीय. नखानं टोकरलं तर दबलं. पोऱ्याला म्हटलं टॉर्च धर. चामडं होतं.

एक पट्टी वरच्या रॉडमध्ये, एक खालच्या कॅपमध्ये. कडा धारदार हत्यारानं तासलेल्या, दोन्ही पट्ट्यांची टोकं एकमेकाला भिडतील पण चढणार नाहीत एवढ्याच मापाच्या. आणि कॅपमधल्या पट्टीला बरोबर मधोमध, डिपरच्या भोकावर, गोल भोक पाडलेलं. कापलेलं नव्हे, डागलेलं, खिळा लाल करून आरपार घातल्यावर चामड्याची कड जशी आत वळून कडक होते तसं. मी ते भोक बघत किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. रस्त्यात बेअरिंग गेल्यावर चामड्याचा तुकडा घालून गाडी घरापर्यंत ओढायची, ही जुन्या लोकांची युक्ती वडिलांच्या तोंडनं ऐकली होती, पण ऐकणं वेगळं. ज्या माणसानं हे केलं त्याला नुसती पट्टी भरायची नव्हती, तिच्यातनं ऑइल जायला वाट ठेवायची होती.

संध्याकाळी काका आले. सगळे पार्ट पेपरवर मांडून ठेवलेले, चामडंपण. मी काही बोलायच्या आधीच ते त्या पेपरपाशी वाकले.

"हे इंजिनात होतं?"

"हो काका. तीन नंबरला."

ते स्टुलावर बसले. मग सांगितलं. ते सहा-सात वर्षांचे असतील. आजोबांबरोबर राधानगरीहून परत येत होते, हळदीच्या आसपास इंजिनातनं ठाणठाण आवाज सुरू झाला. ड्रायव्हरनं गाडी झाडाखाली घेतली, खाली पालथा पडून कितीतरी वेळ खुडबूड करत होता, कुणाच्या तरी घरनं शेगडी आणवली होती. "मला आठवतंय ते वेगळंच," काका म्हणाले, "त्यानं तिथनं कोल्हापूरपर्यंत गाडी चालवली ती एका पायात चप्पल घालून. मी विचारलं, दुसरी कुठाय, तर म्हणाला, गाडीनं मागून घेतली." पुढं त्याच वर्षी आजोबा गेले, ड्रायव्हर काम सोडून गेला, १९५० च्या दशकात फोर्डनं भारतातलं दुकान आवरलं, आणि गाडी राहिली ती राहिलीच. उभी केली तेव्हा इंजिन जाम वगैरे काही झालेलं नव्हतं. ती चालत घरी आली होती.

काका गेल्यावर मी क्रँकची तीन नंबरची पिन, म्हणजे जिच्यावर तो रॉड बसतो ती, पुसून घेतली. चामड्याच्या रुंदीचा काळा पट्टा, आणि त्या पट्ट्यात बारीक खड्डे. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात, त्यातलं टॅनिन लोखंडाला लागलं की काळं पडतं हे आपल्याकडं कुणालाही माहीत असतं. सत्तर वर्षं ते तसंच चिकटून बसलेलं. वीस किलोमीटर गाडी वाचवली आणि पिन खाल्ली, पण त्यात त्या माणसाचा काय दोष, त्यानं घरी पोचेपर्यंतचं काम केलेलं, पुढचं काम पुढच्यानं करायचं होतं.

पिनचं मूळ माप १.४९९ इंच. २० थाऊ, म्हणजे इंचाचे वीस हजारांश, ग्राइंड केली तरी खड्डे राहिले, ३० ला साफ झाली, मग चारही पिना ३० ला घेतल्या. आता त्या मापाचे बेअरिंग कुठनं आणायचे? मुंबईच्या चोर बाजारात ओळखीतनं विचारणा केली, एकानं छातीठोकपणे सांगितलं मॉडेल ए चे चार रॉड आहेत, पैसे आधी पाठवा. पाठवले. आले ते रॉड १९३२ च्या मॉडेल बी चे, ज्याच्या क्रँकच्या पिना चांगल्याच जाड असतात, आमच्या पिनवर ते बांगडीसारखे फिरले. परत घ्यायला तयार नाही. त्या व्यवहाराचा राग अजून आहे, कारण फसवणूक माझी झाली तरी पैसे काकांच्या पेन्शनचे होते, शेवटी ते मी माझ्या बिलातनं वजा केले. अमेरिकेत ओतून, बोअर करून तयार रॉड मिळतात, पण बहुतेक ठिकाणी आपले जुने रॉड आधी द्यावे लागतात, जाण्यायेण्याचं भाडं, कस्टम. आणि एका मित्रानं सुचवलं की रॉड आतनं बोअर करून दुसऱ्या गाडीचे शेल बसव. तसं करणारे आहेत, चालतंही. पण रॉडमधलं मटेरियल एकदा काढलं की परत येत नाही, आणि ते चामडं बघितल्यावर मला ते करवेना.

उत्तर घराजवळच होतं. आपल्याकडं एवढे साखर कारखाने, त्यांच्या टर्बाइनच्या, मोठ्या पंपांच्या बेअरिंगला आजही व्हाइट मेटलच लागतं. वाय. पी. पोवार नगरात एक मामा आहेत, सत्तरीचे, अख्खं आयुष्य हेच काम. फक्त मी गेलो तो मे महिना, गाळप संपून कारखान्यांचं ऑफ सीझनचं काम सुरू, मामांच्या दारात बेअरिंगची रांग. "आता न्हाई जमायचं, पावसाळ्यात ये," म्हणाले. मी काही न बोलता ती चामड्याची पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, उजेडाला धरली, भोकातनं बघितलं.

"कुनी केलंय ह्ये?"

सांगितलं.

"रविवारी ये. रॉड साफ करून आन, तेलाचा वास न्हाई आला पायजे."

रविवारी सकाळी सातला गेलो. मामांनी धातू आधीच जुळवून ठेवलेला, १०० भागात ८६ कथील, ७ तांबं, ७ अँटिमनी, फोर्डचं मूळ प्रमाणही हेच. रॉड गरम करून नवसागर मारून आतनं कल्हई केली, अगदी घरातल्या पातेल्याला करतात तशी, कारण कल्हई नीट धरली नाही तर व्हाइट मेटल पोलादाला चिकटत नाही, नुसतं अडकून बसतं. मधल्या मँड्रेलवर, म्हणजे भोक राखायला मधे घातलेल्या गोल दांड्यावर, ॲसिटिलिनच्या पिवळ्या ज्योतीची काजळी धरली म्हणजे धातू तिथं चिकटू नये. सांध्यांना माती लिंपली. मग कढईत लाकडाची काडी बुडवून बघितली, काडी करपली पण पेटली नाही, मामा म्हणाले झालं. वरची साय बाजूला केली आणि पळी एका दमात रिकामी केली, मध्ये थांबायचं नाही, थांबलं की आत सांधा राहतो आणि तिथनंच पुढं तडा जातो.

पहिला रॉड गार झाल्यावर मामांनी सुतळीला टांगला आणि छोट्या हातोडीनं टिचकी मारली. आवाज बद्द. मला वरनं काहीच दिसत नव्हतं, चकाकत होता मस्त. मामांनी तो रॉकेलमध्ये बुडवला, पुसला, कडेनं खडू फासला आणि आम्ही चहा घेतला. परत बघितलं तर खडूवर एका बाजूला ओली रेघ उमटलेली. आत पोकळी, तिथनं रॉकेल बाहेर येतंय. "रॉड गार हुता," एवढंच म्हणाले आणि सगळा धातू वितळवून परत पहिल्यापासनं, कल्हईसकट. दुसऱ्या खेपेला टिचकी मारली तर देवळातल्या घंटेसारखा टण्ण करून वाजला आणि वाजतच राहिला. चार रॉड व्हायला दुपारचे तीन वाजले. मजुरी विचारली तर कारखान्याच्या दरानं लावली, एक रुपया जास्त नाही की कमी नाही.

पुढचं काम माझं. कॅपच्या सांध्यात शिमा, म्हणजे पातळ पत्र्याचे पदर, घालूनच बोअर केलं, म्हणजे पुढं झीज झाली की शिमचा एक पदर काढून कॅप पिनच्या जवळ घेता येते. क्लिअरन्स, म्हणजे पिन आणि बेअरिंगमधली फट, दीड थाऊ. पिनला निळा रंग लावायचा, कॅप आवळायची, फिरवायची, खोलायची, जिथं रंग लागला तेवढंच स्क्रेपरनं खरवडायचं. तीन नंबरला मी सोळा वेळा खोलला. मेन बेअरिंग नशिबानं चांगली होती, शिम काढूनच माप बसलं. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्हचं काम नेहमीचंच, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

चालू करायच्या दिवशी काका मुलाला, नातीला घेऊन आले. स्टेअरिंगखालची स्पार्कची दांडी वर, रिटार्डला, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल अशी, नाहीतर हँडल उलटं फिरून मनगट मोडतं. तिसऱ्या हिसड्याला इंजिन लागलं. काका हललेच नाहीत, रेडिएटरवर हात ठेवून उभे. पण मला एक टकटक ऐकू येत होती आणि पोटात गोळा आला. मॉडेल ए च्या प्लगला वायर नसतात, पितळी पट्ट्या असतात, त्यामुळं स्क्रूड्रायव्हर लावून एकेक सिलिंडर बंद करून बघणं सोपं, ज्या सिलिंडरला आवाज जातो त्याचा बिग एंड. एक, दोन, तीन, चार, चारही बंद करून बघितले, आवाज तसाच. म्हणजे रॉड नव्हे, व्हॉल्व्ह उचलणारा टॅपेट. अर्ध्या तासाचं काम.

१५० किलोमीटर हळूहळू चालवल्यावर काकांनीच म्हटलं, राधानगरी रोडला जाऊया. हळदीजवळ त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि उतरून दोन्ही बाजूंची झाडं बघत बसले. ते झाड काही त्यांना सापडलं नाही. रस्ता रुंद झालाय, जुनी झाडं गेलीत. नातीनं चामड्याच्या पट्ट्या असलेली डबी मांडीवर धरलेली, ती म्हणाली, आजोबा त्यांचं नाव काय होतं? काका खूप वेळ आठवत राहिले आणि म्हणाले, आम्ही त्यांना ड्रायव्हरच म्हणायचो गं.

परत आल्यावर मी चेंबर खोलला. गाळात चांदी नव्हती. तीन नंबरची कॅप काढून बघितली, दीड थाऊच. नवीन स्प्लिट पिन घातली आणि ऑइल भरलं.