शेवटची तारीख: नल

आज व्यावसायिक प्रोफाइलची माहिती आणून देणाऱ्या एका टूलची चाचणी घेताना आमच्या एका दिवंगत सहकाऱ्यांचे नाव स्क्रीनवर आले आणि माझा हात कीबोर्डवरच थांबला.

प्रोफाइलची लिंक दिली की हे टूल एपीआयमार्फत, म्हणजे दोन प्रोग्रॅमना जोडणाऱ्या दुव्यातून, पद, कंपनी, शिक्षण, कौशल्ये असे सारे वेगवेगळ्या रकान्यांत लावून जेसन या प्रोग्रॅमला वाचता येणाऱ्या स्वरूपात परत देते. त्यांच्या शेवटच्या नोकरीपुढे सुरुवातीची तारीख व्यवस्थित होती. शेवटच्या तारखेपुढे मात्र ‘नल’, म्हणजे काहीच नाही. अशा रिकाम्या जागेचा अर्थ सहसा ‘अजून तिथेच कार्यरत’ असा लावला जातो, त्यामुळे आमच्या प्रोग्रॅमने त्यांना विद्यमान कर्मचाऱ्यांत मोजले आणि त्यांच्या अनुभवाची वर्षे थेट आजच्या दिवसापर्यंत वाढवून दाखवली.

टूलला दोष कसा द्यावा? जे लिहिलेले होते, तेच त्याने आणले. त्या रिकाम्या जागेला अर्थ दिला तो आम्ही, कोड लिहिताना, फारसा विचार न करता.

युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याने स्वतःची माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे, परंतु तो कायदा मृत व्यक्तींच्या माहितीला लागू होत नाही. तो निर्णय त्या-त्या देशावर सोपवला आहे.

मी त्यांची नोंद आमच्या यादीतून काढली. काढण्यापूर्वी ती पुन्हा एकदा, सावकाश, पूर्ण वाचली. पण अशीच प्रत आणखी किती ठिकाणी साठवलेली असेल, आणि तिथली शेवटची तारीख कोण भरणार?