नवतप्यात बसून उणे २५३ अंशांची गोष्ट

नवतपा सुरू आहे. दुपारी दीडला लाईट गेली, कूलर थांबला आणि ओल्या खसचा वास तेवढा घरात रेंगाळतोय. आठ दिवसांपूर्वी दक्षिण आफ्रिकेतून निघालो तेव्हा अंगात स्वेटर होतं, कारण तिकडे आता हिवाळा लागतोय. दारव्ह्याकडच्या आमच्या गावात पोचलो तर पारा ४५ अंशांवर.

परवा संध्याकाळी ओट्यावर काकाजींनी विचारलं, "तू तिकडं नेमकं कायचं काम करतं बाप्पा? तुयी माय म्हंते, दुर्बिणी थंड्या करते म्हणून."

आई बरोबर सांगते. रेडिओ दुर्बिणी आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी ऐकतात. आमच्याकडे त्यांचे रिसीव्हर, म्हणजे त्या लहरी पकडणारे भाग, उणे २५३ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवावे लागतात. आमच्या छोट्या कार्यशाळेत असे रिसीव्हर उघडायचे, साफ करायचे, पुन्हा जोडायचे, हे माझं काम.

काकाजींचा पुढचा प्रश्न असा होता, "पण आयकाले थंडं कायले करा लागते?" त्या रात्री ओट्यावर मी जे बोललो, तेच इथे जरा सविस्तर लिहितोय.

आधी जागा सांगतो. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केप प्रांतात कारू नावाचं कोरडं माळरान आहे. कार्नार्वन हे तिथलं लहानसं गाव. मेंढ्या, काटेरी झुडपं, पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या आणि पावसाची वाट बघणारी माणसं. पहिल्यांदा तिथे उतरलो तेव्हा पीक निघून गेलेल्या आपल्या शिवारात आल्यासारखं वाटलं. त्या गावापलीकडे मीरकॅट दुर्बीण आहे. प्रत्येकी साडेतेरा मीटर व्यासाच्या ६४ तबकड्या, २०१८पासून रीतसर सुरू. तिथे मोबाईल चालवायचा नाही. कारण साधं आहे. चंद्रावर कुणी एक चालू मोबाईल ठेवला, तर आकाशातल्या ठळक रेडिओस्रोतांमध्ये त्याची गणना होईल, इतके आकाशातून येणारे संकेत क्षीण असतात. हे मोजायचं एकक आहे जान्स्की. एक जान्स्की म्हणजे एका चौरस मीटरवर, दर हर्ट्झमागे पडणारी शक्ती, जी वॅटमध्ये लिहिली तर दशांश चिन्हानंतर २५ शून्यं आणि मग १. आणि खगोलशास्त्रज्ञ त्याचेही हजारावे, लाखावे हिस्से मोजत असतात.

आता थंडीचं. जी वस्तू गरम आहे ती स्वतःही रेडिओलहरी सोडते. आपण, ही भिंत, हा कूलर, सगळेच. रिसीव्हरमध्ये आकाशाचा संकेत मोठा करणारा ॲम्प्लिफायर असतो, त्यातले इलेक्ट्रॉनही उष्णतेनं सतत धडपडत असतात आणि आपला खरखराट संकेतात मिसळतात. हा खरखराट संकेताच्या कितीतरी पट मोठा असतो. बाबांना मी जागलीचं उदाहरण दिलं. रात्री मचाणावर बसून रानडुकराची चाहूल घ्यायची असेल तर आधी आपला श्वास धरावा लागतो. तबकडी मोठी करणं म्हणजे कान मोठा करणं, आणि रिसीव्हर थंड करणं म्हणजे श्वास धरणं. बाबांनी नुसती मान हलवली. तुरीच्या दिवसांत किती रात्री त्यांनी असा श्वास धरला असेल!

याचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. यंत्रणेचा एकूण खरखराट निम्मा झाला, तर तेवढीच क्षीण गोष्ट पकडायला वेळ चौथाईच लागतो. चार रात्रींचं काम एका रात्रीत होतं. थंडीवर एवढा खर्च आणि मेहनत का, याचं उत्तर या एका ओळीत आहे.

काकाजींनी मग असं काही विचारलं की मी खूष झालो. "तुमच्या मशीनले आपल्या दवाखान्यातला नायट्रोजन चालत नाही काय?" ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कृत्रिम रेतनाच्या कांड्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. ॲल्युमिनियमचा जाड भांड्यासारखा डबा, झाकण काढलं की पांढरी वाफ खाली ओघळते. लहानपणी गाईजवळ उभा राहून मी ती वाफ हातात धरायला बघायचो. अतिथंडीशी माझी पहिली ओळख ती, दारव्हा तालुक्यातली.

पण नायट्रोजन उकळतो उणे १९६ अंशांवर, म्हणजे ७७ केल्विनला. (केल्विन म्हणजे उणे २७३ अंशांपासून वर मोजलेलं तापमान.) आम्हाला लागतात २० केल्विन, म्हणजे तेच उणे २५३ अंश, किंवा त्याहून कमी. शिवाय नायट्रोजन उडून जातो, पुन्हा पुन्हा भरावा लागतो. माळरानावरच्या ६४ तबकड्यांवर रोज कोण चढणार? म्हणून तिथे हेलियम वायू बंद नळ्यांमधून फिरवतात. तो संपत नाही आणि द्रवही होत नाही. सायकलला हवा मारताना पंप तापतो, आणि व्हॉल्व्हची पिन दाबली की सुटणारी हवा बोटाला गार लागते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तत्त्व तेच. खाली कॉम्प्रेसर हेलियम दाबतो, त्याची उष्णता तिथेच बाहेर काढून टाकतो. दाबलेला वायू वर रिसीव्हरला जोडलेल्या कोल्ड हेडमध्ये, म्हणजे थंड करणाऱ्या भागात, जाऊन पसरतो आणि थंड होतो. प्रत्येक फेरीतला गारवा आतल्या बारीक जाळीत आणि गोळ्यांमध्ये साठत जातो, त्यामुळे पुढची फेरी आणखी खालून सुरू होते. चालू कोल्ड हेडजवळ उभं राहिलं की ठक्... सुस्स, ठक्... सुस्स असा एकसारखा आवाज येतो. मला तो आवडतो. तो बदलला की काहीतरी बिघडलंय हे मीटर बघण्याआधी कानाला कळतं.

खरी मेहनत मात्र थंडी बनवण्यात नाही, ती टिकवण्यात आहे. आपला गोळेवाला बर्फाची लादी भुशात आणि पोत्यात गुंडाळतो ना, तेच आम्ही करतो, फक्त भुशाच्या जागी पोकळी असते. रिसीव्हर एका हवाबंद पात्रात बसवतात आणि आतली हवा काढून दाब बाहेरच्या हवेच्या अब्जाव्या हिश्श्याच्या घरात नेतात. चिप्सच्या पुडीच्या आतल्या बाजूसारखे चकचकीत पापुद्रे थरावर थर गुंडाळतात, म्हणजे भिंतीची धग आत पोचत नाही. उरलीसुरली हवा थंड भागावर गोठून चिकटते, कारण नायट्रोजन आणि ऑक्सिजन या थंडीत घट्ट होतात. हायड्रोजन आणि हेलियम तेवढे गोठत नाहीत. त्यांना धरायला थंड पत्र्यावर कोळसा चिकटवतात, बहुतेक वेळा नारळाच्या करवंटीचा. आजीला हे सांगितलं तेव्हा तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली.

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट आहे. एक रिसीव्हर मी स्वतः जोडला, पंप लावला, रात्रभर थंड होऊ दिला. सकाळी बघतो तर ३० केल्विनच्या खाली तो उतरेचना, आणि आतला दाब हळूहळू वाढत होता. कुठेतरी गळती. अशा वेळी पात्र लगेच उघडता येत नाही. आधी आतलं सगळं खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं लागतं, नाहीतर हवेतली वाफ आत बर्फ होऊन बसते. त्यात दिवस गेला. मग गळती शोधणारं यंत्र जोडलं आणि पात्राच्या सांध्यांवर बारीक नळीनं हेलियम सोडत गेलो. आत हेलियम शिरला की यंत्राचा काटा उडतो. एका झाकणाच्या कडेला तो उडाला. झाकण काढलं, रबरी कडं भिंगाखाली धरलं. त्यावर आडवा एक तंतू पडला होता, पांढरा, जरासा पीळ असलेला. कापसाचा! आदल्या दिवशी मी घाईत साध्या सुती फडक्यानं ते कडं पुसलं होतं. तंतू न सोडणारं कापड शेजारीच ठेवलेलं होतं.

कापूस वेचणाऱ्या घरातला मी. तो तंतू ओळखायला मला भिंगाचीही गरज नव्हती. वरिष्ठ काहीच बोलले नाहीत, त्यांनी फक्त नवं कडं हातात दिलं. तेव्हापासून प्रत्येक कडं मी उजेडापुढे धरून पूर्ण एक फेरा फिरवून बघतो, मगच बसवतो.

आपल्याकडे पुणे जिल्ह्यात खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकी ४५ मीटरच्या. त्यांचे रिसीव्हर असे गोठवत नाहीत, आणि त्यात काही उणं नाही. त्या कमी वारंवारतेला ऐकतात. १५० मेगाहर्ट्झच्या आसपास आपल्या आकाशगंगेचाच गोंगाट शेकडो केल्विनचा असतो, तिथे आपला श्वास धरून फारसा फायदा नाही. वारंवारता वाढत जाते तसं आकाश शांत होत जातं, आणि मग यंत्राचा आवाज टोचायला लागतो. १९६४ साली अमेरिकेत पेन्झियस आणि विल्सन या शास्त्रज्ञांना अँटेनात काही केल्या न थांबणारी खरखर सापडली. त्यांनी कबुतरांची घाण साफ केली, सांधे तपासले, तरी ती जाईना. ती विश्वाच्या जन्मानंतर उरलेली ऊब होती, पावणेतीन केल्विनच्या आसपास. द्रव हेलियमनं थंड केलेल्या संदर्भाशी ते तुलना करू शकत होते, म्हणून ती ओळखू आली. १९७८ साली त्यांना नोबेल मिळालं.

आता मीरकॅटच्या ६४ तबकड्या सामावून घेत तिथे एसकेए (स्क्वेअर किलोमीटर ॲरे) या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाची १९७ तबकड्यांची दुर्बीण उभी राहतेय, आणि भारत त्या प्रकल्पात भागीदार आहे. आपल्याकडे आयटीआयमध्ये फ्रिज-एसीचा ट्रेड करणारी, यवतमाळ-अमरावतीला डिप्लोमा करणारी पोरं मला भेटतात तेव्हा मी त्यांना हेच सांगतो. या कामाचा मोठा भाग हातांचा आहे. नळी कापता आली पाहिजे, ब्रेझिंग, म्हणजे धातू वितळवून नळ्या सांधणं, जमलं पाहिजे, गळती शोधताना धीर पाहिजे. खगोलशास्त्राची पदवी माझ्याकडेही नाही.

काल बाबांबरोबर दवाखान्यात गेलो होतो. तिथल्या मॅडमनी डब्याचं झाकण काढलं आणि पातळी बघायला आत पट्टी बुडवली. बाहेर काढून हवेत जरा हलवली तसं त्या ४५ अंशांत पट्टीवर खालून वर पांढरं दव गोठत गेलं आणि एका जागी सरळ रेघेत थांबलं. तिथपर्यंत नायट्रोजन. बाबांनी वाकून आकडा वाचला, सहा इंच. मॅडम म्हणाल्या, गाडी सोमवारी येते, तोवर पुरेल.