न पकडलेल्या एररच्या मागावर: एका फ्लटर ॲपमधला प्रवास

फ्लटर (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयओएसचे ॲप बनवण्याचे फ्रेमवर्क) वापरून बनवलेल्या आमच्या ॲपबद्दल एकच तक्रार पुन्हा पुन्हा येत होती: अर्ज भरून ‘जतन करा’ हे बटण दाबले की काहीच होत नाही. ॲप बंद पडत नव्हते, पडद्यावर कसलीही सूचना येत नव्हती आणि क्रॅशच्या नोंदींतही त्या वेळचे काही सापडत नव्हते. म्हणजे एरर घडत होती, पण ती कोणाच्याही हाती न लागता विरून जात होती. तिचा माग काढत मी फ्लटरची भाषा असलेल्या डार्टच्या ‘मेन’ फंक्शनपासून, म्हणजे ॲप जिथून सुरू होते तिथून, अँड्रॉइड आणि आयओएसच्या नेटिव्ह थरापर्यंत, म्हणजे त्या सिस्टिमच्या स्वतःच्या कोडपर्यंत गेलो. याच वाटेने पुढे जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून तो प्रवास येथे नोंदवत आहे.

सुरुवात ‘फ्लटरएरर.ऑनएरर’ या हँडलरपासून (एरर आली की चालणाऱ्या फंक्शनपासून) केली. विजेट (पडद्यावरचा घटक) बांधताना, मांडणी करताना किंवा रंगवताना फ्रेमवर्क स्वतः जी एरर पकडते ती येथे येते; बटणाच्या कॉलबॅकमध्ये (ते दाबल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) तत्काळ फेकलेली एररही येथेच येते. आमच्याकडे हा हँडलर नीट बसवलेला होता, म्हणून मी बराच वेळ निर्धास्त राहिलो. मात्र ‘जतन करा’चा कॉलबॅक ‘असिंक’, म्हणजे आपला निकाल नंतर देणारा होता. असिंक फंक्शनच्या अगदी पहिल्या ओळीत एरर आली, तरी ती थेट बाहेर न पडता फ्युचरमध्ये (नंतर येणारा निकाल धरणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये) जाते, आणि त्या फ्युचरची वाट पाहणारे कोणी नसेल तर फ्रेमवर्कला तिचा पत्ताही लागत नाही.

अशा एररसाठी पूर्वीच्या सहकाऱ्यांनी सगळे ॲप ‘रनझोन्डगार्डेड’मध्ये, म्हणजे आतल्या कोडच्या न पकडलेल्या एरर अडवणाऱ्या ‘झोन’मध्ये, गुंडाळले होते. तरीही एरर निसटत होती, आणि याच ठिकाणी माझे सर्वाधिक दिवस गेले. कारण असे निघाले, की ‘विजेट्सफ्लटरबाइंडिंग.एन्शुअरइनिशियलाइझ्ड’ ही बाइंडिंग (फ्रेमवर्क आणि फ्लटरचे इंजिन यांना जोडणारा दुवा) तयार करणारी ओळ झोनच्या बाहेर होती आणि ॲप सुरू करणारे ‘रनॲप’ झोनच्या आत. बाइंडिंग ज्या झोनमध्ये तयार होते त्याच झोनमध्ये स्पर्शाच्या घटना चालतात, त्यामुळे आमचे प्रत्येक बटण राखणीच्या कुंपणाबाहेरच दाबले जात होते. फ्लटर ३.१० पासून, म्हणजे २०२३ पासून, डीबग बिल्डमध्ये (विकासाच्या वेळी चालवण्याच्या आवृत्तीत) ‘झोन मिसमॅच’ असा इशारा येतो. तो आमच्या कन्सोलमध्येही येत होता. इतर ओळींच्या गर्दीत तो कोणी वाचला नव्हता. ‘बाइंडिंगबेस.डीबगझोनएरर्सआरफेटल’ हे मूल्य खरे ठेवले की या इशाऱ्याचे रूपांतर थेट एररमध्ये होते आणि तो नजरेतून सुटत नाही. प्रत्येक जुन्या प्रकल्पात ही तपासणी सर्वांत आधी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आम्ही झोन पूर्णपणे काढून टाकला आणि फ्लटर ३.३ मध्ये, २०२२ साली आलेला ‘प्लॅटफॉर्मडिस्पॅचर.इन्स्टन्स.ऑनएरर’ वापरला. न पकडलेल्या असिंक एरर येथे येतात. या हँडलरने ‘ट्रू’ परत केले तर एरर हाताळली गेली असे मानले जाते, म्हणून नोंद खरोखर झाल्यावरच ते परत करावे. दोन्ही हँडलर ‘मेन’मध्ये बाइंडिंगनंतर लगेच, डेटाबेस किंवा इतर सेवा सुरू करण्याआधी बसवावेत, सुरुवातीच्या टप्प्यात येणारी एरर अन्यथा पुन्हा निसटते.

एरर अखेर हाती लागली, पण वाचता येईना. रिलीज बिल्ड (वापरणाऱ्यांना द्यायची आवृत्ती) करताना आम्ही डीबगची माहिती वेगळ्या फाइलींत काढणारा ‘स्प्लिट-डीबग-इन्फो’ हा पर्याय वापरत होतो, त्यामुळे स्टॅक ट्रेसमध्ये, म्हणजे एररपर्यंत नेणाऱ्या फंक्शनांच्या यादीत, नावांऐवजी नुसते पत्ते होते. ते उलगडण्यासाठी लागणाऱ्या फाइली बिल्ड सर्व्हर दर वेळी पुसून टाकत होता. त्या जपून ठेवण्याची व्यवस्था करून नवी आवृत्ती द्यावी लागली आणि तोवर वाट पाहावी लागली. प्रत्येक बिल्डच्या या फाइली, नेटिव्ह थरासाठी तेच काम करणाऱ्या आयओएसच्या डीसिम आणि अँड्रॉइडची मॅपिंग फाइल आवृत्तीच्या क्रमांकासह साठवून ठेवल्या, तर हा खोळंबा टळतो. पत्त्यांची पुन्हा नावे करणारी ‘फ्लटर सिम्बोलाइझ’ ही आज्ञा चालवल्यावर मूळ कारण दिसले: सर्व्हरच्या उत्तरात एक क्षेत्र नल (रिकामे) येत होते आणि त्यातून ‘टाइपएरर’, म्हणजे मूल्याचा प्रकार न जुळल्याची एरर, उद्भवत होती. त्या जागी ‘ऑन एक्सेप्शन कॅच’ लिहिलेले होतेच. परंतु डार्टमध्ये ‘टाइपएरर’ ही ‘एरर’ आहे, ‘एक्सेप्शन’ नव्हे, त्यामुळे त्या कॅचने तिला अडवले नाही.

मूळ तक्रार मिटली, तरी मी पुढे जात राहिलो, कारण असेच आणखी दरवाजे उघडे असतील अशी शंका आली होती. डार्टमध्ये काही काम मुख्य कोडपासून अलग, स्वतंत्र मेमरीत चालणाऱ्या ‘आयसोलेट’मध्ये करता येते. त्यासाठीच्या ‘कॉम्प्यूट’ने चालवलेल्या कामातील एरर बोलावणाऱ्याच्या फ्युचरमध्ये परत येते. ‘आयसोलेट.स्पॉन’ने स्वतः सुरू केलेल्या आयसोलेटचे तसे नाही. त्याला ‘ऑनएरर’ पोर्ट (संदेश येण्याचा मार्ग) द्यावा लागतो आणि त्यावर एरर व स्टॅक यांची मजकूर स्वरूपातील जोडी येते.

नेटिव्ह सीमेपलीकडे डार्टचा कोणताही हँडलर पोहोचत नाही. अँड्रॉइडवर ‘थ्रेड.सेटडीफॉल्टअनकॉटएक्सेप्शनहँडलर’ बसवताना आधीचा हँडलर जपून ठेवावा आणि आपले काम झाल्यावर त्याला बोलवावे, नाहीतर आधी बसवलेली क्रॅश नोंदणारी लायब्ररी मुकी होते. आयओएसवरील ‘एनएससेटअनकॉटएक्सेप्शनहँडलर’ला फक्त ऑब्जेक्टिव्ह-सीची एक्सेप्शन कळतात, स्विफ्टमध्ये नल मूल्य बळजबरीने उघडल्यास प्रक्रिया सिग्नलने (सिस्टिमने प्रक्रियेला दिलेल्या इशाऱ्याने) संपते, म्हणून तेथे सिग्नलही टिपणारी लायब्ररी हवी. मेमरी संपल्यामुळे सिस्टिमने ॲप बंद केले तर कोणताच हँडलर चालत नाही. अशा वेळी अँड्रॉइड ११ पासून ‘गेटहिस्टॉरिकलप्रोसेसएक्झिटरीझन्स’मधून पुढच्या वेळी ॲप उघडल्यावर कारण वाचता येते.

रिॲक्ट नेटिव्ह या जावास्क्रिप्टवर आधारलेल्या दुसऱ्या फ्रेमवर्कच्या वाटेने जाणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. ‘एररयुटिल्स.सेटग्लोबलहँडलर’ तेथे मुख्य आहे, परंतु प्रॉमिस (फ्युचरसारखाच नंतर येणारा निकाल) नाकारले गेल्याची खबर त्याला मिळत नाही; तिची वेगळी व्यवस्था करावी लागते. एरर बाउंडरी हा घटक त्याच्या आतील घटक रेंडर होतानाची (पडद्यावर मांडले जातानाची) एरर पकडतो, इव्हेंट हँडलरमधील नाही.

हँडलरच्या आत काय लिहावे, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. तेथे थेट नेटवर्कवर विसंबू नये. नोंद आधी फाइलमध्ये लिहावी आणि पुढच्या सुरुवातीला पाठवावी. मांडणीतील एकच चूक प्रत्येक फ्रेमला नवी एरर देऊ शकते, म्हणून सारख्या नोंदींना मर्यादा घालावी. एररच्या मजकुरात अर्जातील खासगी माहिती येऊ शकते. आमच्याकडे ती येत होती, आणि पाठवण्याआधी ती गाळणे हे वापरणाऱ्यांप्रति आपले कर्तव्य आहे.

शेवटी आम्ही चाचणीच्या बिल्डमध्ये एक लपवलेला पडदा तयार केला. त्यावर विजेट बांधतानाची एरर, असिंक एरर, आयसोलेटमधील एरर आणि नेटिव्ह क्रॅश मुद्दाम घडवणारी चार बटणे आहेत. प्रत्येक आवृत्तीपूर्वी रिलीज मोडमध्ये दोन्ही प्लॅटफॉर्मवर ती दाबली जातात आणि चारही नोंदी वाचता येण्याजोग्या स्टॅकसह आल्याशिवाय आवृत्ती पुढे जात नाही. पहिल्याच फेरीत आयसोलेटची नोंद आली नाही. एका जुन्या मदतनीस फंक्शनमध्ये पोर्ट द्यायचा राहून गेला होता.