पंधरावं नाव

सहाव्या सत्राचे फॉर्म त्या शनिवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होते आणि माझ्या अर्थमितीच्या, म्हणजे अर्थशास्त्र आकड्यांवर तपासायच्या विषयाच्या, यादीत १४ नावं होती. १५ लागतात. त्याहून कमी मुलं असली तर ऐच्छिक विषय चालवायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. विषय बंद पडला की माझे चार तास जाणार आणि आठवड्याचे १६ भरायला मला पहिल्या वर्षाच्या तुकड्यांना पर्यावरण शिकवावं लागणार. पर्यावरणाशी माझं वैर नाही. पण गेली अकरा वर्षं मी ठाण्याच्या या कॉलेजात अर्थमिती शिकवतेय, आणि ‘इकोनोमेट्रिक्स घेऊ नका रे, मार्क कापते’ ही माझी ख्याती जिन्यापासून ऐकू येते.

आमचं कॉलेज स्वायत्त, त्यामुळे नवं शैक्षणिक धोरण आमच्याकडे २०२३ मध्येच आलं. म्हणजे ही पहिली तुकडी. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, आयकेएस, ओजेटी. सुरुवातीला ही आद्याक्षरं आम्ही शिक्षकच भिंतीवर चिकटवून पाठ करत होतो. सहा सत्रं, प्रत्येकी २२ क्रेडिट, एकूण १३२ झाली की तीन वर्षांची पदवी. नाहीतर चौथं वर्ष करून ऑनर्स. त्यातही संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के, म्हणजे आमच्या दहाच्या पट्टीवर ७.५. मेंटर म्हणून माझ्या वाट्याला २८ मुलं, आणि त्यातली निम्मी शेवटच्या दिवशी उगवलेली.

सकाळपासून स्टाफरूममध्ये जत्रा होती. एका मुलाला पाचच सत्रांत पदवी हवी होती, कारण कुठल्याशा रीलमध्ये त्याने तसं पाहिलं होतं. रील खोटं नव्हतं. यूजीसीच्या २०२५ च्या नियमांत जास्त क्रेडिट घेऊन पदवी एक सत्र लवकर संपवायची सोय आहे, पण ते पहिल्या वर्षातच ठरवायचं असतं. हा आला सहाव्या सत्राचा फॉर्म हातात घेऊन. दुसरीला एटीकेटी लागलेली आणि तरी तिला नोकरीसाठी सहावं सत्र ‘हलकं’ हवं होतं. तिला म्हटलं, बाई, हलकं काही नाही, जे आहे ते २२ आहे.

अकराच्या सुमारास त्रेचाळीस नंबर आली. नाव लिहीत नाही, आमच्याकडे ती याच नंबराने ओळखली जाते, कारण हजेरीला ‘प्रेझेंट’ न म्हणता ‘त्रेचाळीस’ म्हणते. राहते खारेगावला. वर्गात दुसऱ्या बाकावर, गप्प. पण पाचव्या सत्रात संख्याशास्त्राच्या तासाला तिने एकदा विचारलं होतं, “मॅडम, पाऊस आकड्यात कसा लिहायचा?” मुलं हसली होती. मी म्हटलं होतं, “पुढच्या सत्रात सांगते, अर्थमिती घे.”

तिने वहीचं पान पुढे केलं. पान आखलेलं, आकडे खालीवर एका ओळीत. असा हिशेब आमच्या एम. ए. च्या मुलांनाही मांडता येत नाही.

पाच सत्रांची ११० क्रेडिट, गुणांक, म्हणजे क्रेडिट गुणिले दहापैकी मिळालेले गुण, ८१२. सरासरी ७.३८. सहा सत्रांनंतर ७.५ व्हायला १३२ क्रेडिटवर ९९० लागणार. म्हणजे या सत्रात १७८. सहाव्या सत्रात चार-चार क्रेडिटचे पाच विषय, ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण धरून, आणि एक दोन क्रेडिटचा. खाली तिने मांडणी केली होती: पाचांपैकी चारांत ८, एकात ९, छोट्यात ७. बरोबर १७८. एक गुणसुद्धा वर नाही.

“हे सहकार घेतलं तर,” ती म्हणाली. मग पान उलटलं. “आणि हे इकोनोमेट्रिक्स घेतलं तर.”

दुसऱ्या पानावर अर्थमितीपुढे ६ होता. तो कुठून आणला, हे मी विचारलं नाही. गेल्या वर्षीचा निकाल सूचनाफलकावर लागतो. अर्थमितीत ६ धरले तर उरलेल्या चार मोठ्या विषयांत तीनदा ९ आणि एकदा ८ लागत होते.

“मला आतापर्यंत सगळे मिळून चारदा ९ मिळालेत, मॅडम. पाच सत्रांत.”

इथे मी जे केलं ते सांगायला फार आवडत नाही. मी तिला दहा मिनिटं भाषण दिलं. एम. ए. ला अर्थमितीशिवाय चालत नाही. संशोधनासह ऑनर्स करायचं आणि रिग्रेशन येत नाही, म्हणजे पोहता येत नसताना तलावपाळीला होडी काढण्यासारखं. मार्कांकडे बघून विषय निवडायचे नसतात. सगळं खरं होतं. सहकारचे सर हाताने सैल आहेत, हेही मी आडून सुचवलं. तेही खरंच होतं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “इकोनोमेट्रिक्सला किती जण झालेत, मॅडम?”

“चौदा.”

“आणि लागतात?”

“पंधरा.”

तिने काही म्हटलं नाही. वही मिटली, बंद केलेल्या पेनाचं टोपण उगाच पुन्हा दाबलं. माझे कान गरम झाले. समोरच्या टेबलावर बसलेल्या मराठीच्या मॅडमनी पेपर तपासणं थांबवलं नव्हतं, पण लाल पेन हलत नव्हतं.

शेवटी मी म्हटलं, “पान दाखव परत.” या वेळी नीट पाहिलं. तिचा हिशेब बरोबर होता. ७.५ साठी तिने अर्थमिती घेणं म्हणजे जुगार होता, आणि डाव लावायला मी सांगत होते. संशोधनासह ऑनर्स ७५ टक्क्यांनी पूर्ण केलं तर पुढे थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो. ७.४७ वाल्याला आमच्याकडे साधं ऑनर्स. म्हणजे ज्याला संशोधन करायचंय त्याने संशोधनाची हत्यारं शिकवणारा विषय टाळावा, तर त्याला संशोधन करता येईल. हा नियम कुणी वाईट हेतूने केला असेल असं नाही. पण मुलांनी तो आमच्याआधी ओळखला.

माझा भाचा अमेरिकेत शिकतो. त्याच्याकडे काही विषय नुसते पास-नापास या बोलीवर घेता येतात, सरासरीला हात लागत नाही. एमआयटीत तर पहिल्या सत्रात नापास झालेल्या विषयाची नोंद बाहेर दाखवायच्या गुणपत्रकावर येतच नाही. इतकं लांब कशाला, पवईच्या आयआयटीत ऑडिट म्हणून, म्हणजे सरासरीत न धरता, विषय घेता येतो. आमच्या फॉर्मवर असा रकाना नाही.

“ओजेटीचं काय?” मी विषय बदलला.

ओजेटीचा तिचा अर्ज माझ्याच खणात तीन दिवस पडून होता. चार क्रेडिट म्हणजे १२० तास प्रत्यक्ष काम, तेही विषयाशी संबंधित. बाकीची मुलं वागळे इस्टेटमधल्या कचेऱ्यांत नाहीतर ओळखीच्या सीएकडे जात होती. हिने लिहिलं होतं: जांभळी नाक्याजवळची पतसंस्था, पिग्मी संकलन, म्हणजे दारोदार जाऊन रोजची छोटी बचत गोळा करणं. वडील पिग्मी एजंट. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची फेरी संध्याकाळी ही करते. मी अर्जावर पेन्सिलीने ‘नोकरी?’ असं लिहून ठेवलं होतं. कमिटीत आम्ही ठरवलंय, आधीपासून चालू असलेली नोकरी ओजेटी म्हणून धरायची नाही.

“ही नोकरी नाहीये, मॅडम,” ती म्हणाली. “माझ्या नावावर नाहीये. कमिशन बाबांच्या खात्यात येतं.”

नियमाला अशी फट असेल असं कमिटीला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, दुपारी येऊन बघते.

अडीचला तलावपाळीवरून चालत गेले. जांभळी नाका शनिवारी म्हणजे माणसाला माणूस लागतो. पतसंस्था पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद, भिंतीवर नोंदणीचा दाखला फ्रेम करून लावलेला: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. काउंटरच्या कडेला स्टुलावर तिचे वडील बसले होते. डावा हात मांडीवर ठेवलेला, उजव्याने पावत्या लावत होते. व्यवस्थापकांनी चहा मागवला आणि मला जमाखर्च समजावून सांगायला लागले. पिग्मीचा उगम मी वर्गात दरवर्षी सांगते: १९२८ साली उडुपीच्या बँकेने घरोघर जाऊन रोजचे दोन आणे गोळा करायला सुरुवात केली. पण पिग्मीची डायरी हातात कधी घेतली नव्हती.

वडिलांनी पिशवीतून काढली. एक नाही, आठ. वर्षाला एक. तारीख, गल्ली, रक्कम, आणि काही तारखांपुढे बारीक अक्षरात ‘पा.’.

“हे काय?”

“पाऊस,” ते म्हणाले. “पावसात भाजीवाले पैसे देत नाहीत, गिऱ्हाईकच नसतं. घरी विचारायचे, आज कमी का आणले. मग लिहून ठेवायला लागलो. गणपतीच्या आधी ‘ग.’ आहे बघा. तेव्हा फूलवाले डबल देतात, आणि गणपती गेले की आठ दिवस कोणी तोंड दाखवत नाही.”

आठ वर्षं, रोजची नोंद, पावसाच्या खुणेसकट. संशोधनाच्या प्रकल्पाला मुलं इंटरनेटवरून आकडे उतरवून आणतात, आणि इथे हे डायऱ्यांचं गाठोडं रबरबँड लावून पडलं होतं. आता मला तो पाचव्या सत्रातला प्रश्न कळला. पाऊस आकड्यात कसा लिहायचा.

वडिलांना मात्र दुसरंच विचारायचं होतं. “मॅडम, आमच्या वेळी बी. ए. तीन वर्षांची होती. ती चार वर्षांची कधी झाली?”

मी सांगितलं, तीन वर्षांनी थांबता येतं. तीन केली तर एम. ए. दोन वर्षांचं, चार केली तर एकाच वर्षाचं. दोन्हीकडे बेरीज पाच.

त्यांनी जरा विचार केला. “म्हणजे मुदत तीच. पावती मध्ये मोडायची का नाही, एवढाच प्रश्न.”

“हो.”

“मोडली की व्याज जातं,” ते लेकीकडे बघून म्हणाले. ती काउंटरमागे मशीन चार्जिंगला लावत होती, तिने ऐकलं नाही असं दाखवलं.

ओजेटीच्या अर्जावरचं ‘नोकरी?’ मी तिथेच खोडलं. व्यवस्थापकांना पर्यवेक्षक म्हणून सही करायला लावली. फक्त एक अट घातली: नुसती फेरी नको, या डायऱ्या संगणकावर चढवायच्या, महिन्याप्रमाणे ताळा घ्यायचा. १२० तास त्यातच जातील.

पाचला पाच कमी असताना तिने फॉर्म भरला. सहकार. मी बाजूलाच उभी होते. कारण विचारलं नाही, पण तिने सांगितलं. “मॅडम, सहकार मी मार्कांसाठीच घेतेय. पण मला त्यातलं येतंही.” १९०४ चा पहिला कायदा, प्रवरानगर, धनंजयराव गाडगीळ हे ती पुस्तकातून करेल. वसुली आणि थकबाकी तिने जिने चढून केलीय.

मग हळूच म्हणाली, “इकोनोमेट्रिक्सला नुसतं बसलं तर चालेल?”

चाललं नसतं. दोन्ही ऐच्छिक विषय वेळापत्रकात एकाच वेळी, शेजारशेजारच्या वर्गांत. आणि अर्थमिती चालणारच नव्हती, १४ होती ना. सरकारच्या ‘स्वयं’ पोर्टलवर असा कोर्स फुकट बघता येतो, पैसे फक्त परीक्षेचे, हे मी तिला सांगितलं. तिने मान हलवली, पण ती मान कुठली ते शिक्षकाला कळतं.

सोमवारी मी प्राचार्यांकडे गेले. सर म्हणाले, “एक पोरगं मिळत नाही तुम्हाला?” मिळत होतं, हे मी सांगितलं नाही. पाऊण तास वाद घातला. शेवटी नियमित वेळापत्रकाच्या आधी तास घेणार असाल तर यंदापुरतं चालवा, असं ठरलं. सकाळी ७.१०. चौदाही जणांनी मला मनात काय म्हटलं असेल ते मी जाणते. डोंबिवलीच्या मुलाने तोंडावरच म्हटलं.

पहिल्या तासाला बाकांवर पंधरा डोकी होती. हजेरीपटावर चौदा. हजेरी संपली, आणि सवयीने दुसऱ्या बाकावरून आवाज आला, “त्रेचाळीस.” मी खाली बघून पट मिटला.

डमी व्हेरिएबलचा तास फेब्रुवारीत आला. मी तो दोन दिवस जरा जास्तच नीट तयार केला होता. पावसाचा दिवस १, कोरडा दिवस ०, असं फळ्यावर लिहिलं आणि वळून पाहिलं, तर दुसरा बाक रिकामा. वडिलांना कळव्याच्या दवाखान्यात फिजिओथेरपीला न्यायचं होतं, असं नंतर कळलं. बुधवारी ती आली, तेव्हा मी तोच तास पुन्हा घेतला. डोंबिवलीच्या मुलाने हात वर केला. “मॅडम, हे झालंय.”

“माहीत आहे,” मी म्हटलं. “वही काढ.”